पाणी कमी देऊनही अडेनियम सडलं : भुसावळच्या एका गच्चीवरचं प्रकरण

गच्ची एक, ऊन तेच, पाऊसही तोच. आणि अडेनियम, म्हणजे फुगीर बुंध्याचं फुलझाड डेझर्ट रोज, पाच. चार नर्सरीतून आणलेली, कलम केलेली, डबल पाकळीची महागडी, चकचकीत चिनी मातीच्या कुंड्यांत. पाचवं साधं गुलाबी, कोणीतरी दिलेलं रोप, ते बांधकामाच्या वेळच्या गंजक्या भोकाच्या घमेल्यात. मागच्या श्रावणात, कानबाईच्या, म्हणजे आपल्या खानदेशातल्या देवीच्या उत्सवाच्या आठवड्यात, चारपैकी तीन झाडं खालून मऊ पडली, चौथ्याची पानं पिवळी, आणि घमेल्यातलं मात्र मस्त फुललेलं. घरमालक आप्पा रेल्वेतून रिटायर झालेले, त्यांचं म्हणणं एकच, "पाणी तं मी देतच नाही भो, आठवड्यातून एकदा, तरी सडू कसं राह्यलं?"

हा प्रश्न मला इतका वेळा लोक विचारतात, म्हणून म्हटलं एक प्रकरण नीट सगळं लिहूनच टाकावं. कारण अडेनियमबद्दल सगळीकडे एकच सल्ला फिरतो, पाणी कमी द्या. आप्पांनी तो अगदी शिस्तीत पाळला होता, आणि माझ्या मते झाडं बिघडायला सुरुवात तिथूनच झाली.

आप्पांची एक सवय या कामी फार उपयोगी पडली. पाणी दिलं की ते स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्या तारखेला निळ्या पेनाने गोल करतात. गॅस सिलिंडर कधी लावला, दूध किती घेतलं, तसंच हेही. त्यामुळे अंदाजावर बोलायची गरजच नव्हती. मार्च ते जून, दर रविवारी एक गोल. जुलैत पाऊस लागल्यावर गोल बंद. म्हणजे खरंच कमी पाणी. मग घमेल्याचं विचारलं तर कॅलेंडरवर ते नाहीच, कारण ते झाड आप्पांच्या हिशोबातच नाही, ते आजीचं, म्हणजे आप्पांच्या आईचं. आजी म्हणाल्या, "मी तं रोज टाकते बापा, तुळशीला टाकलं का उरलेलं याले." मे महिन्यातसुद्धा रोज. तांब्याभर.

ज्याला रोज पाणी ते ठणठणीत आणि ज्यांना आठवड्याने पाणी ती सडली. इथे थांबून विचार केला की अर्धं उत्तर मिळतं, पाणी किती यापेक्षा ते मातीत किती वेळ बसून राहतं हे बघायला पाहिजे.

आधी मऊपणाचं सांगतो, कारण इथे भले भले फसतात. अडेनियमचा खालचा फुगीर बुंधा, ज्याला सगळे कॉडेक्स म्हणतात, तो दोन कारणांनी मऊ पडतो आणि दोन्हींचा उपाय एकमेकांच्या बरोबर उलटा. झाड तहानलेलं असेल तर बुंधा सगळीकडून सारखा दबतो, साल जराशी सुरकुतते, रंग तोच राहतो, वास येत नाही, आणि पाणी दिलं की दोन-चार दिवसांत परत टणक. सड असेल तर एकाच जागी अंगठा आत जातो, बाजूची जागा टणक असते, ती जागा जरा काळपट किंवा ओलसर तपकिरी दिसते, जास्त झालं असेल तर दाबल्यावर पाणी सुटतं आणि आंबट घाण वास येतो. पानं दोन्हीत पिवळी होऊन गळतात, म्हणून पानांवरून काहीच ठरवायचं नाही. अंगठा लावायचा, आणि तोही मातीच्या रेषेला लागून चारही बाजूंनी, कारण सड बहुतेक वेळा मातीच्या आत सुरू होते आणि वर दिसते तोवर उशीर झालेला असतो.

आप्पांच्या चार झाडांत मरून रंगाचं पूर्ण बाद, बोट जवळपास आत गेलं. पिवळ्या फुलाचं एका बाजूने मऊ. पांढरं-गुलाबी कडेचं मातीच्या रेषेवर रुपयाएवढ्या जागेत मऊ. लालचं काहीच नाही, फक्त पानं पिवळी, बुंधा टणक.

मग कुंड्या उपड्या केल्या. खरी गंमत, गंमत कसली, खरा घोळ इथे दिसला. वरून शेतातली काळी माती आणि शेणखत, आणि त्याच्या पोटात, मुळांना चिकटून, नर्सरीच्या पिशवीच्या आकाराचा कोकोपीटचा, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाचा, जसाच्या तसा गठ्ठा. नर्सरीवाले कोकोपीटमध्ये वाढवतात, त्यांना ते सोयीचं, वजनाला हलकं, शेडनेटखाली त्यांचं पाण्याचं गणित बसलेलं असतं. पण आपण ते रोप गठ्ठ्यासकट मातीत बसवतो तेव्हा आतला भाग बाहेरच्यापेक्षा किती तरी दिवस जास्त ओला राहतो. वरची माती बोटाने खरवडून बघितली तर कोरडी, आणि आत पिळलं तर पाणी. कुंडीला भोक एकच, बोटाएवढं, त्याच्यावर खापरी, खापरीवर काळी माती घट्ट बसलेली. शिवाय खाली ताटली, फरशी खराब होऊ नये म्हणून.

आपल्या तापीकाठच्या काळ्या मातीचा स्वभाव कपाशीवाल्या कोणालाही विचारा. ओली झाली की फुगते, सुकली की भेगाळते. शेतात हे चालतं, तिथे खोली आहे, पीक त्याला सरावलेलं आहे. कुंडीत मात्र दोन्हीकडून मार बसतो. उन्हाळ्यात माती आक्रसून कुंडीच्या कडेपासून सुटते, बोटभर फट पडते, आप्पा रविवारी पाणी ओततात, ते फटीतून सरळ खाली उतरून भोकातून ताटलीत येतं, आप्पांना वाटतं झाड पोटभर प्यालं. आत गठ्ठा कोरडा ठाक, आणि कोकोपीट एकदा पूर्ण सुकलं की ते लवकर पाणी घेतही नाही. म्हणजे पंचेचाळीस डिग्रीच्या भुसावळच्या मे महिन्यात ही झाडं खरोखरच उपाशी होती. अशा वेळी अडेनियम मरत नाही, बुंध्यातलं साठवलेलं पाणी खाऊन जगतं, पण त्याची बारीक पांढरी मुळं, पाणी ओढणारी, ती मरून जातात. मग जुलैत पाऊस आला. भेगा बुजल्या, माती फुगली, हवा जायची वाट बंद, आणि आत मेलेल्या मुळांचा ढीग. ओल, हवा नाही, मेलेलं मूळ, पिथियम आणि फायटोप्थोरासारख्या मूळ सडवणाऱ्या रोगांना अजून काय पाहिजे. आप्पांनी पाणी बंद केलं हे बरोबर, पण आठ दिवस झड लागली तर वरून पडणारं कोण बंद करणार.

घमेल्याचं काय होतं? घर बांधताना उरलेली जाड वाळू, विटांचे तुकडे, थोडा मुरूम, वर कधीतरी टाकलेलं पालापाचोळ्याचं खत. तळाला गंजून पडलेली चार-पाच भोकं. आजीचा तांब्या ओतला की पाणी लगेच खालून बाहेर. कोणी विचार करून केलेलं नाही, गवंड्याने ठेवलं आणि आजीने रोप खोचलं, पण मिश्रण म्हणून बघाल तर मी स्वतः याच्यापेक्षा फार वेगळं बनवत नाही.

हे झाड मूळचं कुठलं ते बघितलं की कोडं सुटतं. आफ्रिकेत सहाराच्या खालचा साहेलचा पट्टा, पूर्व आफ्रिका आणि पलीकडे अरबस्तान, येमेन. खडकाळ उतार, वाळू, दगडांच्या फटी. तिथे पाऊस कमी, पण येतो तेव्हा धो धो येतो, झाड त्या वेळी भरपूर पितं आणि पाणी लगेच निघून जातं. म्हणजे त्याला पाणी आवडतं, साचलेलं आवडत नाही. फोर्स्कॉल नावाचा वनस्पतिशास्त्रज्ञ येमेनमध्ये फिरला आणि १७६३ मध्ये तिथेच वारला, त्याचं पुस्तक १७७५ मध्ये मागाहून छापलं गेलं, त्यात त्याने या झाडाला सरळ कण्हेरीच्या वंशात टाकलं होतं. अडेनियम हा वेगळा वंश १८१९ मध्ये झाला. कुळ मात्र तेच, कण्हेर, चाफा, सदाफुली, रुई यांचं. त्यामुळे चीकसुद्धा तसलाच, विषारी, हृदयावर परिणाम करणारा, आफ्रिकेत बाणांना लावायला वापरायचे. कापाकापी करताना हातमोजे घाला, डोळ्याला हात लावू नका, आणि छाटलेल्या फांद्या गल्लीत फेकू नका, शेरडं फिरतात.

आता उपचार. मरूनचा बुंधा वाचण्यातला नव्हताच, त्याच्या फक्त वरच्या दोन फांद्या कापून पाहिल्या, आतून स्वच्छ निघाल्या, त्या बाजूला ठेवल्या. पिवळं आणि पांढरं दोन्ही पूर्ण उपटून, नळीच्या पाण्याने मुळं धुऊन, कोकोपीटचा कण न कण काढला. हे काम कंटाळवाणं आहे पण यात कसर करू नका. मग स्पिरिटने पुसलेली सुरी. सडलेला भाग तपकिरी असतो, तो कापत कापत जायचं, आतलं मांस कच्च्या रताळ्यासारखं टणक आणि पांढरं लागेपर्यंत. एक तपकिरी ठिपका जरी राहिला तरी आठवड्यात तिथूनच परत सुरू. दर दोन कापांनी सुरी पुन्हा पुसायची, नाहीतर आपणच रोग इकडचा तिकडे लावतो. पांढऱ्याला लिंबाएवढा खड्डा पडला. पिवळ्याचा जवळपास तिसरा हिस्सा गेला, आप्पा बघवेना म्हणून खाली निघून गेले.

कापलेल्या जागेवर कॉपर ऑक्सीक्लोराईड या बुरशीनाशकाची पाण्यात कालवलेली घट्ट पेस्ट. आप्पांच्या पुतण्याची रावेरकडे केळी आहे, त्याच्याकडे पुडा होताच. काही जण हळद लावतात, छोट्या जखमेला ठीक आहे, एवढ्या मोठ्या घावाला आणि तेही पावसाळ्यात मी हळदीवर विसंबणार नाही. लालचं झाड टणक होतं पण त्यालाही उपटून, धुऊन, कार्बेन्डाझिम-मॅन्कोझेब या बुरशीनाशकाच्या पाण्यात, लिटरला दोन ग्रॅम, अर्धा तास बुडवलं.

मग सुकवणं, आणि इथे लोकांचा धीर सुटतो. मुळं उघडी ठेवून झाड सावलीत टांगायचं, जखमेवर कोरडी खपली धरेपर्यंत. उन्हाळ्यात पाच-सहा दिवस पुरतात, श्रावणातल्या दमट हवेत दोन आठवडे लागले. जिन्यात तारेवर तिन्ही झाडं उलटी टांगलेली आणि खाली टेबलफॅन. कानबाईचे रोट खायला आलेले पाहुणे वर जाताना येताना बघायचे, घरातल्या काकूंना उत्तरं देता देता पुरेवाट. पण उलटं टांगलं की चीक आणि ओल जखमेत उतरत नाही, आणि अडेनियमला महिनाभर माती नसली तरी काही होत नाही, त्या बाबतीत हे झाड खरंच दुष्काळी आहे.

मिश्रण असं केलं. जाड वाळू, बांधकामाच्या चाळणीतून बारीक भाग खाली पाडून वर उरलेली, दोन घमेली. लाल भाजलेल्या विटांचे हरभऱ्याएवढे तुकडे दोन घमेली, धूळ चाळून काढून. लाकडी कोळशाचा चुरा अर्धं. जुनं कोरडं शेणखत एक. बस. काळी माती शून्य. भुसावळात एक खास धोका आहे, राखाडी रंगाची राखेची वीट, ती इकडे सगळीकडे मिळते पण तिच्यात सिमेंट किंवा चुना असतो, ती फोडून टाकू नका. दीपनगरच्या औष्णिक केंद्राची उडती राखही नको, फुकट मिळते म्हणून लोक टाकतात, ती एवढी बारीक असते की पाणी पडलं की गिलावा होतो. मिश्रण बरोबर झालं का हे बघायची सोपी रीत, कुंडीत भरून लिटरभर पाणी एकदम ओता, वर तळं न साचता लगेच खालून धार लागली पाहिजे. वर साचून राहिलं तर बारीक भाग अजून आहे, परत चाळा.

कुंड्या बदलून पसरट मातीच्या घेतल्या, भोकं तीन-तीन, ताटल्या काकूंनी परत घेतल्या. कुंडीखाली विटेचे दोन तुकडे, म्हणजे भोक स्लॅबला चिकटत नाही. कोरड्या मिश्रणात लावून आठ दिवस पाणी नाही, मग थोडं, मग नवीन पानं दिसल्यावर भरपूर. लावताना बुंधा आधीपेक्षा इंचभर वर उचलून लावला, फुगीर भाग उघडा राहतो आणि दिसतोही छान, पण आतापर्यंत मातीत असलेली साल एकदम भर उन्हात गेली तर भाजते, म्हणून सुरुवातीला सकाळचंच ऊन आणि मग हळूहळू सरकवत नेलं.

पावसाळ्याचा उरलेला काळ कुंड्या छज्जाखाली. आपल्याकडे वर्षाचा पाऊस साधारण ७०० मिमी, कोकणाच्या तुलनेत काहीच नाही, या मिश्रणात रोजच्या सरी काही करत नाहीत, झड लागली तेवढेच दिवस आत घ्यायचं. ऑक्टोबर हीटमध्ये लाल आणि पांढरं दोन्ही जोरात वाढली. डिसेंबर-जानेवारीत रात्री दहा डिग्रीच्या आसपास उतरायला लागलं तशी पानं गळाली. आप्पांचा परत फोन, "भाऊ, गेलं वाटतं." अंगठा लावायला सांगितलं. टणक. थंडीत अडेनियम झोपतं, तेव्हा पंधरा-वीस दिवसांनी जरासं पाणी, पूर्ण उघडं पडलं असेल तर तेही नाही. इथे मात्र कॅलेंडरवरचे गोल विरळ पाहिजेत.

शिवरात्रीनंतर थंडी गेली की छाटणी. फुलं नव्या शेंड्यावरच येतात, म्हणून जुन्या लांब फांद्या चार बोटं ठेवून कापल्या, कापावर कॉपरची पेस्ट. पावसाळ्यात छाटणी अजिबात नको, कापलेल्या तोंडातून पाणी आत जातं. खताचं आप्पांचं मन शेणखत आणि युरियाकडे ओढ घेत होतं, युरिया हातातून काढून घेतला. नत्र जास्त झालं की फांद्या लांब, लुसलुशीत, फूल नाही, आणि असं भुसभुशीत झाड लवकर सडतं. त्याऐवजी पुतण्याकडचं केळीच्या ड्रिपमधून सोडायचं शून्य बावन्न चौतीस, म्हणजे नत्र नसलेलं, स्फुरद-पालाशचं खत, लिटरला एक ग्रॅम, पंधरा दिवसांनी एकदा, मार्च ते जून. पाणी आता रोज संध्याकाळी. आप्पांना हे पचायला वेळ लागला, वाळवंटातलं झाड आणि रोज पाणी. पण ते मिश्रण मेच्या उन्हात दुपारपर्यंत कोरडं होतं, आणि आजीच्या घमेल्याचा पुरावा डोळ्यासमोर होता.

मध्ये दोन छोटी विघ्नं. एप्रिलमध्ये पानांखाली लाल कोळी, नुसत्या पाण्याचा जोरात फवारा पानाच्या खालून, दोन-तीन दिवसाआड, तेवढ्यावर आटोक्यात. आणि कळ्यांवर पिवळा धमक मावा, काळ्या पायांचा, तोच जो रुईवर आणि कण्हेरीवर दिसतो, साबणाच्या पाण्याने गेला. बोअरचं जड पाणी वापरलं की कुंडीच्या कडेला पांढरा थर येतो, पावसाच्या पहिल्या दोन सरी कुंड्या उघड्यावर ठेवल्या की तो धुऊन जातो.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरवाशिणी घरी आल्या तेव्हा लाल झाडावर एवढी फुलं होती की पान दिसेना, पांढऱ्यावरही चार-पाच गुच्छ, त्याचा खड्डा तसाच आहे पण कडेने साल वळून आली आहे. पिवळ्याचं वेगळंच झालं. टांगलेलं असताना त्याच्या वरच्या कलमाच्या फांद्या सुकल्या, आणि खाली मूळ बुंध्यातून नवे कोंब फुटले. त्यांना फूल आलं ते साधं, पाच पाकळ्यांचं, गुलाबी. पिवळं डबल म्हणून पैसे मोजलेलं झाड आजीच्या घमेल्यातल्यासारखं निघालं. आप्पा हळहळले. मला विचाराल तर कलमी डबल फुलांपेक्षा हीच जास्त टिकतात आणि जास्त येतात, डबल पाकळीच्या कळ्या पावसात अर्ध्या उघडून कुजतात, पण ज्याची त्याची आवड.

उरला प्रश्न मरूनच्या दोन फांद्यांचा. घमेल्यातल्या झाडावर कलम करू म्हटलं तर आजींनी साफ सांगितलं, माझ्या झाडाला सुरी लावायची नाही. म्हणून त्या फांद्या कोरड्या करून नुसत्या वाळूत लावल्या, एक जगली. पण फांदीपासून केलेल्या अडेनियमला बियांच्या रोपासारखा गोल बुंधा धरत नाही, ते आयुष्यभर काठीसारखंच दिसायचं. आता घमेल्यातल्या झाडाला शेंगांची एक जोडी लागली आहे. त्यांना दोरा गुंडाळून ठेवलाय, कारण तडकल्या की बीच्या दोन्ही टोकांना केसांचे झुपके असतात आणि वाऱ्यावर सगळं बी शेजारच्या गच्चीवर. ताजं बी या उकाड्यात आठवड्यात उगवतं. ती रोपं बोटाएवढी जाड व्हायला वर्ष तरी जाईल, मग त्यांच्यावर मरूनचं कलम. आजींना हे चालणार आहे, बी घ्या म्हणाल्या, झाड नका कापू.